मे महिन्यात अलीराजपूर-झाबुआकडे सेवेला निघताना सामान कसं बांधायचं

शाळांना सुट्टी लागली की इंदूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधले तरुण संघ आणि महिला संघ पश्चिमेची वाट धरतात: धार, कुक्षी, जोबट, अलीराजपूर, झाबुआ. कुणी आरोग्य शिबिरासाठी जातं, कुणी मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेसाठी, कुणी एखाद्या जुन्या प्रार्थनागृहाचं छप्पर नीट करायला. ही वाट आपल्या मंडळ्यांना नवी नाही. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ मध्ये इंदूरला आलं आणि पुढे त्याच मिशनच्या डॉ. जॉन ब्युकॅनन यांनी अलीराजपूरजवळच्या आमखुटला भिल्ल वस्तीत कामाचा पाया घातला.

इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यानंतरही सामान मात्र बहुतेक जण घाईत, आदल्या रात्री बांधतात आणि इंदूरच्या हवेच्या हिशेबाने बांधतात. मग दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाला चक्कर येते, आणि ज्या घरात आपण सेवा करायला गेलो ती माणसं आपलीच सेवा करत बसतात. तिथल्या बाया दूरच्या हातपंपावरून डोक्यावर पाणी आणतात. म्हणून प्रत्येक वस्तू पिशवीत टाकताना एकच प्रश्न विचारावा: हिच्यामुळे यजमानांच्या पाण्यावर, खाटेवर आणि झोपेवर पडणारा आपला भार कमी होईल का? होणार असेल तर ती न्यायची. पुढचं सगळं याच प्रश्नाला धरून आहे.

आधी हवा समजून घ्या

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. इथे मे महिन्यात दुपार कितीही तापली तरी रात्री गच्चीवर वारा येतो. माळव्याच्या रात्रींचं कौतुक उगाच होत नाही. घाट उतरून कुक्षी-अलीराजपूरच्या बाजूला गेलं की उंची बरीच कमी होते आणि ती रात्र मागे राहते. दिवसभर तापलेल्या भिंती आणि कौलं मध्यरात्रीपर्यंत धग सोडत असतात. दिवसाचं ऊन छत्री-पंच्याने निभावता येतं, पण झोप न झालेलं शरीर दुसऱ्या दिवशी उन्हापुढे लवकर हार मानतं. म्हणून सामानात पहिली जागा रात्रीच्या वस्तूंना द्यायची, दुसरी पाण्याला. कपडे त्यानंतर.

दुसरी गोष्ट, हवा कोरडी असते. घाम येतो आणि तिथल्या तिथे उडून जातो, अंग ओलं लागत नाही, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. तहानेवर विसंबू नये. लघवीचा रंग पाहावा: फिकट असेल तर ठीक, गडद पिवळा झाला की आपण मागे पडलो.

पंधरा दिवस आधी: शरीर, डॉक्टर, कागद

उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो आणि घामातून मीठ कमी जातं. दिवसभर कूलर-एसीत बसणाऱ्या माणसाला एकदम घाटाखाली नेणं बरं नाही. निघण्याआधी दहा-बारा दिवस रोज थोडा वेळ, सकाळी नऊच्या सुमारास किंवा संध्याकाळी पाचला, उन्हात चाला. अर्ध्या तासापासून सुरुवात करून तासापर्यंत न्या. वयस्कर मावश्या-काकांनी आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं.

त्याच भेटीत औषधांचंही विचारून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचं प्रमाण वाढवतात. उन्हाळ्याच्या प्रवासात त्यांचं काय करायचं हे डॉक्टरच ठरवतील, आपण मनाने बंद करायच्या नाहीत. छप्पर, पत्रे, खिळे अशा कामाला जाणाऱ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते तपासावं. दहा वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यायला हवं.

कागदांची एकच पातळ फाइल करा. प्रत्येकाच्या आधार कार्डाची प्रत, रक्तगट, चालू औषधं, घरचा फोन नंबर. मंडळीच्या लेटरहेडवर पाळकसाहेबांच्या सहीचं पत्र, त्यात कुठे, कशासाठी आणि किती दिवस ते स्पष्ट लिहिलेलं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी आई-वडिलांचं संमतिपत्र. आरोग्य शिबिर असेल तर सोबतच्या डॉक्टरांच्या नोंदणीची प्रत, आणि जिल्हा आरोग्य विभागाला व ग्रामपंचायतीला आधी दिलेल्या पत्राची पोच.

इथेच एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. मध्य प्रदेशात आमिषाने किंवा जबरदस्तीने होणारं धर्मांतर रोखणारा २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य कायदा लागू आहे आणि अशा गटांकडे बारकाईने पाहिलं जातं. पण माझं म्हणणं कायद्याच्या भीतीपोटी नाही. गोळ्यांच्या पाकिटात, वह्यांच्या गठ्ठ्यात, खाऊच्या पुड्यात बायबलच्या वचनांची पत्रकं घालू नका. आजारी माणसाच्या हातात औषध द्यायचं तर ते निव्वळ औषध म्हणून द्यावं. आपली उपासना आपण तिथल्या मंडळीबरोबर उघडपणे करतोच. तिच्यासाठी पवित्र शास्त्र आणि गीतांच्या वह्या वेगळ्या पिशवीत न्याव्यात. तिकडची उपासना बहुधा हिंदीत आणि भिली-भिलालीत होते, म्हणून मराठीबरोबर हिंदी गीतांची वहीही असू द्या.

रात्रीचं सामान

प्रत्येकी एक हलकी सुती सतरंजी, दोन पातळ सुती चादरी आणि एक मच्छरदाणी. कृत्रिम धाग्याची स्लीपिंग बॅग घरी ठेवा, तिच्यात माणूस उकडून निघतो. यजमान आपल्या खाटा पाहुण्यांना देऊन स्वतः जमिनीवर झोपतात. सतरंजी सोबत असली तर "दादा, आमची सोय आहे" असं खरेपणाने म्हणता येतं. दोन चादरींतली एक अंथरायला, दुसरी ओली करायला. झोपण्यापूर्वी तांब्याभर पाण्यात भिजवून घट्ट पिळलेली चादर अंगावर घेतली की कोरड्या हवेत ती चांगला गारवा देते.

मच्छरदाणी डासांसाठी तर हवीच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा बारीक असतो, बरेचदा दुखत नाही, सूजही येत नाही, आणि पहाटे पोट दुखून पापण्या जड होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मच्छरदाणीच्या कडा सतरंजीखाली चारी बाजूंनी नीट खोचल्या की मण्यार आणि विंचू दोघांपासूनही बचाव होतो. म्हणून खाटेवर लागणारी छोटी मच्छरदाणी घेऊ नका. भरपूर झोळ असलेली, जमिनीपर्यंत येऊन खोचता येईल अशी घ्या. बांधायला सुतळीचा गुंडा आणि चार खिळे लागतात. उशाशी टॉर्च, मोबाइलचा उजेड नको, त्याची बॅटरी दुसऱ्या दिवशी लागते. सकाळी चपला-बूट झटकूनच पायात घालायचे, हे मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवा.

साप किंवा विंचू चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. तो भाग हलू न देता, माणसाला चालायला न लावता सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून असंख्य जीव वाचवले. आपल्या शिबिराच्या डॉक्टरांना त्याबद्दल आधी विचारा आणि त्यांनी सांगितलं तरच ते पेटीत ठेवा.

पाणी

उन्हात काम करणाऱ्याला तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं, तेही घोट घोट, दर पंधरा-वीस मिनिटांनी. दिवसाचं पिण्याचं पाणी माणशी पाच लिटर धरा. वीस जणांच्या गटाला म्हणजे रोज शंभर लिटर, वीस लिटरच्या पाच कॅन. हा आकडा ऐकून लोक दचकतात, पण हेच शंभर लिटर न नेता आपण गेलो तर ते कुणाच्या तरी डोक्यावरून येणार. पहिल्या दिवसाचं पूर्ण पाणी इंदूरहून भरून न्या. पुढच्या दिवसांसाठी तालुक्याच्या गावातून कॅन मागवायची व्यवस्था तिथल्या पाळकांशी बोलून आधीच लावा आणि पैसे मंडळीच्या निधीतून आगाऊ द्या.

झाबुआ-धार-अलीराजपूर पट्ट्यात बऱ्याच ठिकाणच्या भूजलात दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५, असं भारतीय मानक सांगतं. पाणी उकळून जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. क्लोरिनच्या गोळीनेही ते जात नाही. चार दिवसांत आपल्याला काही होणार नाही, पण कोणता हातपंप पिण्याचा आहे हे गावात विचारूनच पाणी भरा आणि लाल रंग फासलेला पंप टाळा. ज्यांना वर्षभर तेच पाणी प्यावं लागतं त्यांच्याशी आरोग्य शिबिरात यावर बोलणं हे शंभर पाकिटं वाटण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

क्लोरिनच्या गोळ्या आणीबाणीसाठी ठेवाच. पाकिटावर एक गोळी किती लिटरला ते लिहिलेलं असतं. गढूळ पाणी आधी चौपदरी धुतलेल्या सुती कापडातून गाळून घ्या आणि गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा.

बाटल्यांबाबत माझं ठाम मत आहे: प्रत्येकाकडे एक लिटरची एक स्टीलची आणि एक साधी बाटली, दोन्हींवर नाव. साध्या बाटलीवर ओला सुती मोजा चढवून ती सावलीत, वाऱ्यावर टांगली की पाणी प्यायला गार होतं. गटासाठी दोन मोठी मडकी धारला किंवा कुक्षीच्या बाजारातून घ्या आणि परतताना यजमानांकडेच राहू द्या.

ओआरएसची पाकिटं माणशी चार, आणि सामाईक पेटीत वीस जास्तीची. घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असं लिहिलंय का ते पाहा. एक लिटरच्या पाकिटात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. फळांच्या चवीच्या, डब्यातल्या गोड पेयांना ओआरएस म्हणून विकायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. ती पेयं जुलाब झालेल्या मुलाला देऊ नका. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्येच घालायचं, अर्धं-अर्धं करायचं नाही, आणि केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

कपडे

फार विचार करू नका. पूर्ण बाह्यांचे, सैल, फिक्या रंगाचे सुती कपडे, चार दिवसांना तीन जोड. रोज रात्री एक जोड धुवायचा, पहाटेपर्यंत वाळतो. धुण्याचं पाणी बादलीत मोजून घ्या. बायकांनी सुती कुडता-सलवार आणि मोठी ओढणी. साडी नेसणाऱ्यांनी सुती साडी, परकर आतून सुतीच. आखूड बाह्या आणि आखूड पॅंट गावात शोभत नाहीत, उन्हातही कामाच्या नाहीत. जीन्स एकही नको.

पंचे दोन. ही सगळ्यात उपयोगी वस्तू. डोक्याला बांधता येतो, ओला करून मानेवर टाकता येतो, तोंड पुसता येतं, झोळी करता येते. पांढरी किंवा रुपेरी छत्री एक. पायात पुढून बंद सुती बूट आणि घरात वापरायला चप्पल. चिकटवलेल्या तळव्याचे स्वस्त बूट तापलेल्या डांबरावर सुटतात, शिवलेले घ्या. आतले कपडे मात्र मोजून जास्त न्या, कारण घामोळं आणि मांड्या घासणं यांनीच माणूस बेजार होतो. सोबत कॅलामाइन आणि थोडं व्हॅसलिन. मुलींनी आणि बायांनी सॅनिटरी पॅड पुरेसे न्यावेत, कागदी पिशव्यांसकट, आणि वापरलेले बंद डब्यात घालून शहरात परत आणावेत. तिथे ते टाकायची सोय नसते.

औषधपेटी आणि शिबिराची उपकरणं

इंदूरच्या दवा बाजारातून एकदम खरेदी केली की स्वस्त पडतं, पण यादी डॉक्टरांच्या सहीनेच न्या. पेटी उष्णतेपासून वाचवणं हे खरं काम. बहुतेक गोळ्यांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंश जास्त तापमान सहज होतं. औषधं थर्माकोलच्या पेटीत ठेवा आणि जेवायला गाडी थांबली की पेटी खाली उतरवा.

मधुमेही मंडळींनी इन्सुलिनकडे खास लक्ष द्यावं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, वापरात असलेली ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते. गावात फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात तळाला पाणी घालून, आत वाटी ठेवून त्यात इन्सुलिन कोरडं ठेवायचं आणि वर ओलं फडकं. बर्फाला थेट लावायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

साखर तपासण्याच्या पट्ट्याही ३० अंशांपर्यंतच सांभाळायच्या असतात, आणि बहुतेक ग्लुकोमीटर व डिजिटल रक्तदाबयंत्रं ४० अंशांच्या वर भरवशाची नसतात. म्हणून शिबिर पहाटे सहाला उघडा आणि तपासण्या दहाच्या आत आटपा. पाऱ्याचा थर्मामीटर नेऊच नका. त्याची पट्टी ४२ पर्यंत असते आणि तापलेल्या गाडीत तो फुटतो. सॅनिटायझर मद्यार्काचं, ज्वलनशील असतं, तेही गाडीत उन्हात ठेवायचं नाही. पॉवर बँकेलाही हाच नियम.

पेटीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा आणि त्यावर ठळक लिहा: माणूस असंबद्ध बोलतोय, तोल जातोय, अंग भट्टीसारखं तापलंय आणि ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर आहे म्हणजे उष्माघात. १०८ ला फोन. तोवर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान-काखा-जांघेत बर्फ किंवा गार ओलं फडकं ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. आधी गार करणं, मग नेणं; गाडीतही पाणी मारत राहायचं.

मुलांच्या शाळेचं सामान

मेणाचे खडू वितळतात, त्याऐवजी रंगीत पेन्सिली. चॉकलेट नको, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, मुरमुरे न्या. फुगे उन्हात फुटतात आणि तुकडे कोंबड्या-शेळ्या खातात, तेही नकोत. चित्रांचे तक्ते कापडावर करून घेतले की गुंडाळून नेता येतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. ढोलकी आणि बाजाची पेटी चादरीत गुंडाळून सीटवर ठेवा, टपावर कधीच नाही. तापल्यावर ढोलकीची पुडी ताणून फाटते.

खाणं

यजमान मक्याची भाकरी, डाळ, कैरीची चटणी प्रेमाने घालतात, ती आवडीने खावी. आपण शिधा न्यावा: तांदूळ, डाळ, तेल, गूळ, चहा-साखर, पोहे, आणि तो पोचल्याबरोबर घरच्या बाईंच्या हाती द्यावा. स्वतःसाठी भाजलेलं सातू, मेतकूट, लिंबं, कैऱ्या, काळं मीठ, जिरेपूड. कैऱ्या उकडून गूळ घातलेला पन्ह्याचा गर दोन बाटल्या करून नेला तर पहिले दोन दिवस पुरतो. प्रवासात दही, मावा, खोबऱ्याची चटणी, शिजलेल्या बटाट्याचं काहीही नको.

गाडीत रचताना

प्रत्येकाची एकच पाठपिशवी, आठ-दहा किलोच्या आत, कारण शेवटचा पल्ला बरेचदा पायीच असतो. सतरंजी-मच्छरदाणीची वळकटी तिच्यावर बांधा. अंधारात पोचलात तरी ती पहिली निघते. पाण्याच्या कॅन सगळ्यांत खाली. औषधपेटी, फाइल, टॉर्च आणि ओआरएस चालकाच्या मागच्या सीटजवळ. सुट्टे पैसे न्या, दहा-वीसच्या नोटा, कारण तिकडे रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत. स्वतःची गाडी असेल तर पहाटे चारला इंदूर सोडा म्हणजे ऊन चढायच्या आत घाट उतरून मुक्कामी पोचता. बसने जाणाऱ्यांनी गंगवाल बसस्थानकावरून सकाळची पहिलीच गाडी धरावी.

पोचल्याच्या दिवशी काम ठेवू नका. दुपारी बारा ते चार सगळ्यांनी सावलीत, आणि दोघा-दोघांच्या जोड्या लावून एकमेकांची बाटली रिकामी झाली का ते पाहायचं.

निघताना उरलेला शिधा, सुतळी, कॅन, मच्छरदाण्या यजमानांना हव्या असतील तर खुशाल देऊन या. औषधं मात्र कुणाच्याही घरी ठेवून येऊ नका; उरलेली सगळी मोजून परत आणा, तापलेली वाटत असतील ती डॉक्टरांना दाखवून बाजूला काढा, आणि काय कमी पडलं, काय न वापरता परत आलं हे त्याच रात्री औषधपेटीतल्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या गटाची यादी तयार होते.